बाटा भारतीय की परदेशी? आणि रेट 99 वरच का संपतो?

तुमचे आजोबा म्हणतात बाटा आपलीच कंपनी आणि मुलगा म्हणतो परदेशी, तर कागदावर मुलगा बरोबर आहे पण आजोबांना उगाच चूक ठरवू नका. 1894 मध्ये तोमाश बाटा, भाऊ अँटोनिन आणि बहीण अ‍ॅना अशा तिघांनी झ्लीन गावात ही कंपनी सुरू केली, आज ते गाव चेक रिपब्लिकमध्ये येतं. घरात जोडे शिवायचा धंदा पिढीजात होता.

आपल्याकडे 1931 ला कंपनी निघाली, आधी कोलकात्याजवळ कोन्नगर, मग हुगळीच्या काठावर कारखाना आणि कामगारांची घरं मिळून अख्खं गावच उभं राहिलं, बाटानगर. आता पुढचं बघा, दुसरं महायुद्ध संपल्यावर 1945 ला झ्लीनचा कारखाना तिथल्या सरकारने ताब्यात घेतला, म्हणजे जिथे बाटा जन्मली तिथेच घरच्यांच्या हातात काही राहिलं नाही, आणि इकडे बाटानगरला जोड निघतच होते. 1973 ला शेअर पब्लिकला आले, नाव बाटा इंडिया झालं. मग आजोबांना ती आपली वाटली तर नवल काय?

राहिलं 99 चं. किंमत 9 वर संपवायची ही बाटाची जगभरातली जुनी पद्धत आहे, लोक त्याला बाटा प्राइसच म्हणतात. आकडा कमी वाटावा हा हिशोब आहेच, पण किंमत हा त्यांचा पहिल्यापासूनचा जोर, 1922 च्या मंदीत तोमाशने भाव सरळ निम्मे करून टाकले होते आणि दुकानांवर झुंबड उडाली.

मी नाशकात मेन रोडला चपला-बुटांच्या दुकानात काम केलंय. जून लागला की शाळेच्या बुटांची गर्दी, काळे नॉटी बॉय, शनिवारच्या पीटीला पांढरे कॅनव्हास (त्यांना घरी खडू फासायचा), पावसाला प्लॅस्टिकचे सँडक. वडील बुटाच्या टोकावर अंगठा दाबून बघणार आणि म्हणणार एक नंबर मोठा द्या, वर्षभर गेला पाहिजे. दुसऱ्या दुकानांत घासाघीस जमेल तसा भाव, बाटाचा रेट मात्र छापलेला, त्यामुळे खेड्यावरून एसटीने आलेल्या बाईलाही तोच लागायचा जो कॉलेज रोडच्या डॉक्टरला, आणि माझ्या मते नाशकात बाटाचा विश्वास बसला तो त्यामुळेच.