वाचकांचे प्रश्न : बाहेरून पुरवलेले विकर

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला गोशे आजाराचा पहिला प्रकार असल्याचे तीन वर्षांपूर्वी समजले. तेव्हापासून दर पंधरवड्याला तिला शिरेतून विकराचे, म्हणजे एन्झाइमचे, औषध देतात. फुगलेले पोट आता ओसरले आहे, हिमोग्लोबिन वाढले आहे, ती इतर मुलांबरोबर धावते. घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, बरी झाली आहे ना, मग सुया कशाला? तिच्या हातावरचे सुयांचे डाग मलाही पाहवत नाहीत. काही महिने थांबून पाहिले तर चालेल का?

उत्तर : नाही, थांबू नका. तुमच्या मनात हा प्रश्न आला यात काहीही गैर नाही. दर पंधरा दिवसांनी आपल्या लेकराला सुई टोचताना पाहणाऱ्या कोणत्याही आईच्या मनात तो येईल. परंतु तुमची मुलगी बरी दिसते ती औषध चालू आहे म्हणून, आजार गेला म्हणून नव्हे.

आपल्या पेशींमध्ये लयकारिका नावाच्या सूक्ष्म पिशव्या असतात आणि जुन्या, निरुपयोगी द्रव्यांचे विघटन तेथे होते. त्यांतील ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे विकर तुमच्या मुलीच्या शरीरात जनुकातील दोषामुळे पुरेसे काम करत नाही. त्यामुळे जुन्या रक्तपेशी गिळंकृत करणाऱ्या भक्षक पेशींमध्ये एक स्निग्ध द्रव्य साचत जाते, आणि अशा तुडुंब भरलेल्या पेशी प्लीहा, यकृत व अस्थिमज्जा यांमध्ये ठाण मांडतात. पोट फुगणे, रक्त कमी होणे, प्लेटलेट घटणे, हाडे दुखणे हे सारे त्यातूनच येते. शिरेतून दिलेले विकर ते साचलेले द्रव्य फोडते, पण जनुक आहे तसेच राहते. औषध रक्तातून काही मिनिटांतच उचलले जाते, पेशींच्या आतही ते काही दिवसांपलीकडे फारसे टिकत नाही, आणि नवे द्रव्य तर रोज तयार होतच असते. दोन आठवड्यांचे अंतर ठरले आहे ते याच हिशेबाने.

एखादी मात्रा ताप, परीक्षा किंवा प्रवास यांमुळे चार दिवस पुढे गेली तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र महिनोन्‌महिने खंड पडला तर प्लीहा पुन्हा वाढू लागते, प्लेटलेट खाली येतात, आणि मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती हाडांची. प्लीहा व रक्त यांत सहा महिने ते वर्षभरात सुधारणा दिसते. हाडांना मात्र वर्षे लागतात, आणि खुब्याच्या सांध्यातील हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते एकदा मृत झाले की नंतर कितीही विकर दिले तरी ते पूर्ववत होत नाही. तुमची मुलगी वाढीच्या वयात आहे. आयुष्यभर पुरणारी हाडांची बळकटी याच वर्षांत कमवायची असते. घरातल्या मोठ्या माणसांना हीच गोष्ट सांगा : पोट सपाट झाले हे डोळ्यांना दिसते, हाडात काय चालले आहे ते दिसत नाही. औषधाची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे तिचे वजन वाढेल तसा हिशेबही पुन्हा करून घ्यावा.

हे औषध आज हाताशी आहे, पण ते सहजासहजी आलेले नाही. फिलिप गोशे या फ्रेंच डॉक्टरांनी 1882 मध्ये या आजाराचे वर्णन केले. नेमके कोणते विकर कमी पडते, हे अमेरिकेत रॉस्को ब्रेडी यांच्या गटाने 1960 च्या दशकाच्या मध्यावर शोधले. प्रसूतीनंतर पडणाऱ्या वारेतून विकर वेगळे करून त्यांनी ते रुग्णांना देऊन पाहिले, परंतु ते भक्षक पेशींकडे पुरेसे जात नव्हते, बरेचसे यकृताच्या इतर पेशीच उचलत होत्या. भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर मॅनोज ही शर्करा ओळखून पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. विकरावरच्या शर्करासाखळ्यांची टोके छाटून मॅनोज उघडे केले, तेव्हा कुठे औषध योग्य दारी पोहोचले. 1991 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि 1994 पासून हॅमस्टरच्या पेशींमध्ये तयार केलेले विकर मिळू लागल्याने वारेवरचे अवलंबित्व संपले. एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधासाठी हजारो वारा गोळा कराव्या लागण्याचा तो काळ आठवला, की त्या चिकाटीपुढे मला नेहमीच नतमस्तक व्हावेसे वाटते.

आता तिच्या हातांविषयी. सुई टोचण्यापूर्वी तासभर त्वचा बधिर करणारे मलम लावून ठेवावे, मुलीला भरपूर पाणी पाजावे, हात उबदार ठेवावा आणि कोणता हात द्यायचा हे तिलाच ठरवू द्यावे. शिरा अगदीच मिळेनाशा झाल्या तर त्वचेखाली बसवायच्या पोर्टचा, म्हणजे शिरेला जोडलेल्या छोट्या डबीचा, विचार करता येतो. त्यात जंतुसंसर्गाचा धोका असल्याने तो पहिला उपाय मात्र नव्हे. औषध चालू असताना अंगावर गांधी उठणे, थंडी वाजणे, छातीत आवळल्यासारखे होणे असे काही घडल्यास लगेच परिचारिकेला सांगावे. काही रुग्णांच्या शरीरात विकराविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात; बहुतेकांना त्यांचा त्रास होत नाही, आणि झालाच तरी औषध सोडण्याचा थेंबांचा वेग कमी करून पुष्कळदा भागते. द्रव्याची निर्मितीच कमी करणाऱ्या गोळ्याही आहेत. त्यांपैकी एलिग्लुस्टॅटला 2014 मध्ये प्रौढांसाठी मान्यता मिळाली. तुमच्या मुलीच्या बाबतीत त्यांचा विचार केव्हा करायचा, हे तिच्या तज्ज्ञांनीच ठरवावे.

आणखी एक गोष्ट, कारण ती वारंवार चुकते : या आजारात रक्तातील फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारे प्रथिन, बहुधा वाढलेलेच असते. म्हणून केवळ हिमोग्लोबिन कमी दिसले एवढ्यावरून तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत.

प्रश्न : माझ्या चौदा महिन्यांच्या भाच्याला हर्लर आजार आहे. विकराचे औषध उपलब्ध असताना डॉक्टर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा आग्रह का धरतात? एवढ्या लहान बाळाला तो धोका का पत्करायला लावायचा?

उत्तर : कारण मेंदू. हर्लर आजारातही लयकारिकांतील एक विकर जन्मतःच कमी पडते, पण त्यात मेंदूचीही हानी होते. शिरेतून दिलेला विकराचा मोठा रेणू रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसर ओलांडू शकत नाही. 2003 पासून मिळणाऱ्या लॅरोनिडेज या विकराच्या औषधामुळे हर्लरच्या बाळाचे यकृत लहान होते, श्वास सुधारतो, पण बुद्धीची घसरण थांबत नाही. प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशींचे काही वंशज मेंदूत जाऊन स्थिरावतात आणि तेथे विकर तयार करून शेजारच्या पेशींना पुरवतात. हे होण्यास काही महिने लागतात, आणि तोवर झालेली हानी भरून येत नाही, म्हणूनच अडीच वर्षांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, प्रत्यारोपण करण्याकडे तज्ज्ञांचा कल असतो. धोका खरा आहे. तुमची भीती अनाठायी नाही. पण या आजारात वाट पाहणे हाही धोकाच आहे आणि तो दररोज वाढतो. प्रत्यारोपणाच्या आधी बाळाची प्रकृती सावरावी म्हणून विकराचे औषध बहुधा दिले जाते, म्हणजे दोन्ही उपचार एकमेकांना पूरक ठरतात. हाडे, सांधे आणि डोळ्यांचे पारपटल यांवर मात्र दोन्हींचा परिणाम अपुरा पडतो, त्यामुळे अस्थिरोगतज्ज्ञ व नेत्रतज्ज्ञ यांच्याकडे पुढेही जावे लागेल.

प्रश्न : थोरल्या मुलाला गोशे आजार असल्यास धाकटीची तपासणी करावी का? ती अगदी निरोगी दिसते.

उत्तर : करावी. आईवडील दोघेही एकेका सदोष जनुकाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता चारात एक असते, आणि पहिला प्रकार कित्येक वर्षे लक्षणांविना राहू शकतो. रक्तातील पांढऱ्या पेशींमध्ये विकर किती काम करते, हे मोजून आजार आहे की नाही ते कळते. ती केवळ वाहक आहे का, हे मात्र त्या चाचणीवरून खात्रीने सांगता येत नाही, कारण वाहकांचे आणि निरोगी व्यक्तींचे आकडे एकमेकांत मिसळतात. त्यासाठी जनुकाचीच तपासणी लागते, आणि ती धाकटी स्वतः निर्णय घेण्याइतकी मोठी होईपर्यंत थांबू शकते.