ऑटिझम असलेल्या मुलाला कारखान्यात कामाला घ्यायचंय, काय तयारी लागेल?

तुम्ही लिहिलंय की जळगाव एमआयडीसीत तुमचं चटईचं युनिट आहे, नात्यातल्या ऑटिझम असलेल्या मुलाला कामाला घ्यायचंय, पण त्याला झेपेल का ही धास्ती आहे.

जरूर घ्या. मी याच भागात पाईप-फिटिंगच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आमच्याकडे असाच एक मुलगा एल्बो, टी, रिड्यूसर साइजप्रमाणे वेगळे करून पिशव्या भरतो. आपल्याकडे काम सांगायचं म्हणजे 'भो, तेवढं जरा बघून घे.' काय बघायचं, किती, कधीपर्यंत, हे समोरच्यानं ओळखायचं. ऑटिझम असलेल्या अनेकांना नेमकं तेच अवघड जातं. त्याला 'या क्रेटमधले 63 एमएमचे एल्बो, 25-25 च्या पिशव्या, जेवणाच्या सुट्टीपर्यंत' असं सांगितलं की पुन्हा बघायला जावं लागत नाही. रॅकला प्रत्येक साइजचा एक नग टांगलाय, खाली आकडा लिहिलाय. काम बदलणार असेल तर आदल्या दिवशीच सांगतो.

तुमच्याकडे लूमचा खडखडाट असणार. कोणाला आवाज सोसत नाही, कोणाला ट्यूबलाइटचा उजेड, कोणाला खेटून उभं राहिलेला माणूस. त्यालाच विचारा, घरच्यांनाही विचारा, आणि पॅकिंगची बाजू शांत असेल तर तिथून सुरुवात करा. आमचा मुलगा कानाला इअरमफ लावतो, आणि लाईट गेली की जनरेटर सुरू करण्याआधी कोणीतरी त्याला सांगून येतं.

मुलाखत घेऊ नका. नजरेला नजर देत नाही, तुटक बोलतो, यावरून काही कळत नाही. दोन तास प्रत्यक्ष काम करू द्या. आणि अशी मुलं गणितात अफाट असतात वगैरे ऐकलं असेल, तर ते डोक्यातून काढा. प्रत्येकाचं वेगळं असतं.

खरी काळजी टिंगलीची घ्या. चहाच्या वेळी कोणी त्याची नक्कल केली, किंवा 'जा, शेठला शिवी देऊन ये' म्हणून पाठवलं, तर तो ते खरं मानून करूनही येईल. फोरमनला पहिल्याच दिवशी ठणकावून सांगा की हे चालणार नाही. अडलं तर कोणाला विचारायचं, तो एक माणूस नेमून द्या.

दिव्यांग हक्क अधिनियम 2016 मध्ये ऑटिझमचा समावेश आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के आरक्षणात एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार अशांसाठी मिळून आहे. पण तेवढ्यावर किती घरं चालणार? आपल्याकडची पोरं डाळ मिल, चटई, पाईप यांतच लागतात, म्हणून तुमच्यासारख्यांनी विचारणं मला फार मोलाचं वाटतं. त्या मुलाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर काढायला लावा. समान संधी धोरण, म्हणजे दिव्यांगांना कामावर काय सोयी देणार ते लिहून जाहीर करणं, खासगी युनिटलाही कायद्यानं लागतं; 20 किंवा जास्त माणसं असतील तर ते जास्त तपशिलात लागतं.

पगार इतरांइतकाच द्या, आणि त्याच्या स्वतःच्या खात्यात.