लाइक येतात, क्लिक येतात, फोन मात्र येत नाही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचा छोटा व्यवसाय आहे, गेले ८ महिने फेसबुकवर पोस्ट बूस्ट करणे (म्हणजे पैसे देऊन ती जास्त लोकांना दाखवणे) आणि गूगलवर जाहिरात देणे असे दोन्ही चालू आहे, लाइक आणि क्लिक भरपूर दिसतात, पण फोन येत नाहीत, तर आता बजेट वाढवावे की एजन्सी बदलावी? माझे उत्तर असे की निदान एक महिना यांपैकी काहीच करू नये. बजेट वाढवले तर आज जिथून पैसा गळतो आहे तिथूनच तो अधिक वेगाने गळेल, आणि एजन्सी बदलली तर नवी एजन्सीही लोकांना त्याच वेबसाइटवर आणि त्याच फोन नंबरवर आणून सोडेल. गळती कुठे आहे हे आधी शोधावे लागेल, आणि त्यातले बरेचसे काम आपण स्वतः एका आठवड्यात करू शकता.

मी बरीच वर्षे लहान व्यावसायिकांची जाहिरात खाती सांभाळतो. नवे खाते हाती आले की मी आधी जाहिरातीचा मजकूर आणि चित्रे तपासेन अशी मालकांची अपेक्षा असते, पण ते मी सर्वांत शेवटी पाहतो. आधी वायफाय बंद करून, मोबाइलवरून, ग्राहक जसा येईल तसा त्यांच्या वेबसाइटवर जातो, पान उघडायला किती वेळ लागतो ते बघतो, फोन नंबरावर बोट ठेवल्यावर तो लागतो का हे तपासतो (कित्येकदा तो नंबर एखाद्या चित्रात कोरलेला असतो आणि त्यावर कितीही बोट आपटले तरी काही होत नाही) आणि चौकशीचा फॉर्म भरून ठेवतो. एका व्यावसायिकाचा असा फॉर्म भरून मी २ दिवस वाट पाहिली, कोणाचाही फोन आला नाही, आणि मालकांना विचारले तर अशी काही चौकशी आल्याचे त्यांना ठाऊकच नव्हते. शोध घेतल्यावर कळले की फॉर्मचे ईमेल दीड वर्षापूर्वी काम सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्याच्या पत्त्यावर जात होते, आणि तो पत्ता कोणी बंद केलेला नसल्यामुळे ते परतही येत नव्हते. त्या पेटीत ६० हून अधिक चौकश्या न वाचलेल्या पडल्या होत्या. काहींनी तर उत्तर येत नाही म्हणून दुसऱ्यांदा, जरा चिडूनच लिहिले होते. त्याच दीड वर्षात मालकांनी जाहिरातीचे डिझाइन ३ वेळा बदलून घेतले होते.

म्हणून पहिली पायरी ही की जाहिराती ज्या वेळेला चालू असतात त्या सर्व वेळी फोन कोण उचलते याची आठवडाभर नोंद ठेवावी. आपल्यासारख्या व्यवसायात ग्राहकाचे यंत्र बंद पडलेले असते, त्याला उत्तर आत्ता हवे असते, आणि फोन उचलला गेला नाही तर तो यादीतल्या पुढच्या नंबराकडे वळतो. रात्री ११ नंतर फोन उचलायला कोणी नसेल तर त्या वेळेची जाहिरात वेळापत्रकातून सरळ काढून टाकावी.

दुसरी पायरी थोड्या आकडेमोडीची आहे आणि माझ्या अनुभवात दहापैकी नऊ मालकांनी ती कधीच केलेली नसते. समजा एका कामातून सुटे भाग, प्रवास आणि कारागिराची मजुरी वजा जाता आपल्या हाती १०० रुपये उरतात. १० चौकश्यांपैकी ३ कामे ठरत असतील तर एका चौकशीचे मोल झाले ३०, म्हणजे तिच्यासाठी जास्तीत जास्त तेवढेच मोजणे परवडते. वेबसाइटवर आलेल्या १०० माणसांपैकी ५ जण चौकशी करत असतील तर एका क्लिकचे मोल झाले दीड. क्लिकसाठी आपण दीडपेक्षा जास्त मोजत असाल तर प्रत्येक क्लिकमागे पदरचे पैसे जात आहेत, मग डॅशबोर्डवरचा आलेख कितीही चढता दिसो. जुने ग्राहक पुन्हा किती वेळा येतात हे वहीतून काढता आले तर हा हिशेब आणखी खरा होतो, कारण वर्षात दोनदा बोलावणाऱ्या ग्राहकासाठी पहिल्या वेळी थोडे जास्त मोजणे परवडते. या हिशेबात एक गोष्ट लक्षात येण्यासारखी आहे. १०० पैकी ५ ऐवजी १० जणांनी चौकशी केली तर क्लिकचे मोल आपोआप दीडचे ३ होते, आणि ही सुधारणा जाहिरातीत हात न घालता, पानावरचा मजकूर, फोनचे बटण आणि फोन उचलणारा माणूस एवढ्यावरच होऊ शकते.

आता गूगलच्या जाहिरातीकडे येऊ, कारण आपले सर्वाधिक पैसे बहुधा तिथे वाया जात असावेत. गूगलची ही सेवा ऑक्टोबर २००० मध्ये ॲडवर्ड्स या नावाने सुरू झाली आणि २०१८ पासून ती गूगल ॲड्स म्हणून ओळखली जाते. तिच्यात नवी मोहीम उघडताना आधीपासून निवडून ठेवलेले काही पर्याय असतात. ते गूगलच्या दृष्टीने सोयीचे असले तरी छोट्या बजेटला फारसे मानवत नाहीत. कोणतेही चिन्ह न लावता कीवर्ड, म्हणजे ज्या शोधावर जाहिरात दिसावी ते शब्द, टाकला की तो ब्रॉड मॅच धरला जातो, म्हणजे त्या शब्दांशी संबंधित वाटेल अशा कोणत्याही शोधावर जाहिरात दिसू शकते. अवतरणचिन्हांत टाकला तर फ्रेज मॅच आणि चौकोनी कंसात टाकला तर एक्झॅक्ट मॅच होतो, आणि मर्यादा त्या क्रमाने कडक होत जाते. आपल्याच प्रकारच्या एका व्यवसायाच्या खात्यात ‘वॉशिंग मशीन दुरुस्ती’ हा कीवर्ड ब्रॉड मॅचवर होता. सर्च टर्म्सचा अहवाल, म्हणजे लोकांनी प्रत्यक्षात काय शोधले याची यादी, आम्ही उघडली तेव्हा त्यात ‘वॉशिंग मशीन दुरुस्ती कोर्स’, ‘वॉशिंग मशीन घरी कशी दुरुस्त करावी’, ‘वॉशिंग मशीन टेक्निशियन नोकरी’ आणि निरनिराळ्या उत्पादक कंपन्यांचे तक्रार क्रमांक यांची रांगच लागलेली होती. यांतले कोणीही गिऱ्हाईक नव्हते, आणि नोकरी शोधणारा तर उलट मालकांकडूनच पगार घेण्याच्या विचारात होता. ‘कोर्स’, ‘नोकरी’, ‘कशी’, ‘व्हिडिओ’ यांसारखे शब्द निगेटिव्ह कीवर्ड म्हणून, म्हणजे ते असलेल्या शोधावर जाहिरात दिसू नये म्हणून, घालायला अर्धा तास लागला. हा अहवाल पहिला महिनाभर रोज आणि नंतर आठवड्यातून एकदा बघावा. एजन्सी तो दाखवत नसेल तर आवर्जून मागावा.

दुसरा पर्याय ठिकाणाचा. आपण आपले शहर निवडले म्हणजे जाहिरात फक्त त्या शहरातल्या लोकांना दिसते असा समज असतो, पण मूळ सेटिंगमध्ये त्या ठिकाणी ‘रस दाखवलेल्या’ लोकांचाही समावेश असतो, मग ते राहायला कुठेही असोत. पर्यटन व्यवसायाला हे उपयोगी आहे. ज्याला घरोघरी जाऊन यंत्र उघडायचे आहे त्याला दूरच्या माणसाचा क्लिक काय कामाचा? तिथे प्रत्यक्ष त्या ठिकाणी असलेले किंवा नियमित येणारे लोक एवढाच पर्याय ठेवावा. त्याच पडद्यावर डिस्प्ले नेटवर्कची खूणही काढून टाकावी, कारण ती तशीच राहिली तर शोधासाठी ठेवलेल्या पैशातला काही भाग इतर वेबसाइट आणि ॲपवरच्या चित्र-जाहिरातींकडे जातो, आणि ॲपमध्ये चुकून बोट लागून झालेले क्लिक मोजून पुन्हा आपल्याच माथी पडतात.

फेसबुकच्या बाबतीत आपण यंत्रणेला जे मागितले तेच तिने आपल्याला दिले आहे. पोस्टखालचे बूस्टचे बटण दाबताना उद्दिष्ट म्हणून प्रतिसाद निवडला गेला असेल तर यंत्रणा लाइक करण्याची सवय असलेले लोक शोधते, आणि ही मंडळी सर्वांच्याच पोस्टना लाइक करत असतात. फोन किंवा संदेश हवे असतील तर ॲड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे फेसबुकच्या जाहिराती सांभाळण्याच्या साधनात, जाऊन तसे उद्दिष्ट निवडावे लागते. तेवढ्याने फोनांचा पाऊस पडेल असे नाही, कारण फेसबुकवर माणूस बिघडलेले यंत्र घेऊन आलेला नसतो. दुरुस्तीसारख्या तातडीच्या कामासाठी मी बजेटचा मोठा भाग शोध-जाहिरातीला देतो आणि फेसबुकवर वार्षिक देखभालीसारखी, आधी ठरवून करता येणारी कामे मांडतो. पैसे न देता टाकलेल्या पोस्ट पूर्वीइतक्या लोकांपर्यंत पोचत नाहीत ही आपली तक्रार खरी आहे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने व्यवसायांच्या पानांपेक्षा मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना प्राधान्य देण्याचा बदल जाहीर केला होता, आणि रोज पोस्ट टाकत राहिल्याने त्यावर मात होत नाही.

आपण लिहिले आहे की दर दोन-तीन दिवसांनी आपण जाहिरात बदलून पाहता. ही सवय सोडावी. फेसबुकची मालक कंपनी मेटा, तिच्या यंत्रणेला जाहिरात कोणाला दाखवावी हे शिकण्याच्या टप्प्यातून बाहेर पडायला एका ॲड सेटमागे (एकत्र चालवलेल्या जाहिरातींच्या गटामागे) आठवड्याला साधारण ५० अपेक्षित कृती, म्हणजे फोन किंवा संदेश, लागतात, आणि प्रत्येक मोठ्या बदलानंतर तो टप्पा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. शिवाय लहान आकडे फसवतात. एका जाहिरातीला २०० क्लिकमधून ४ चौकश्या आल्या आणि दुसरीला २०० मधून ७, तर दुसरी जवळजवळ दुप्पट चांगली असे वाटते, पण एवढा फरक निव्वळ योगायोगानेही सहज पडतो. तेच प्रमाण २,००० क्लिकमध्ये ४० आणि ७० असे दिसले तर मात्र फरक खरा मानायला हरकत नाही. एखाद्या दिवशी ठरवलेल्या रोजच्या बजेटच्या दुप्पट खर्च दिसला म्हणूनही घाबरून मोहीम बंद करू नये. गूगल एका दिवशी तसे करू शकते, मात्र महिन्याचा खर्च रोजच्या बजेटच्या ३०.४ पटींच्या वर जात नाही.

या सगळ्यात जिला एकही पैसा लागत नाही ती गोष्ट आपल्या प्रश्नात कुठेच आली नाही, आणि ती म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी आपल्या व्यवसायाची नोंद, जिचे २०२१ पर्यंतचे नाव गूगल माय बिझनेस होते. नकाशासोबत दिसणाऱ्या यादीत कोणाला वर ठेवायचे हे गूगल प्रामुख्याने तीन गोष्टींवरून ठरवते: शोधाशी जुळणारा व्यवसाय, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. अंतर आपल्या हातात नाही. बाकी दोन्हींसाठी व्यवसायाचा मुख्य वर्ग अचूक निवडणे, कामाच्या वेळा खऱ्या देणे, प्रत्यक्ष केलेल्या कामांची छायाचित्रे लावणे आणि काम संपल्यावर ग्राहकाला अभिप्रायाची लिंक पाठवणे एवढे पुरते. आपण ग्राहकाच्या घरी जात असल्यामुळे पत्ता लपवून सेवेचा परिसर दाखवण्याची सोयही तिथे आहे. व्यवसायाच्या नावात ‘स्वस्त आणि सर्वोत्तम दुरुस्ती’ असे शब्द घुसवणे आणि अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देणे या दोन्ही गोष्टी नियमाविरुद्ध आहेत, आणि त्यापायी प्रोफाइल बंद पडले तर ते परत मिळवताना होणारा मनस्ताप मी जवळून पाहिला आहे. वाईट अभिप्राय आला तर काय घडले आणि आपण काय केले हे दोन वाक्यांत, न चिडता लिहावे. ते उत्तर तक्रारदारापेक्षा पुढचा ग्राहक जास्त लक्षपूर्वक वाचतो.

विकत घेतलेल्या फोन नंबरांच्या याद्यांबद्दल एवढेच सांगतो की त्यांच्या वाटेला जाऊ नये. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी (एकच संदेश एकदम अनेकांना पाठवण्याची सोय) ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांच्यापर्यंतच पोचते, आणि बाकीच्यांना एकेक संदेश पाठवत बसलात तर तक्रारी होऊन नंबरच बंद होण्याची वेळ येते.

एजन्सीबद्दल निर्णय घेण्यापूर्वी एक चौकशी जरूर करा: डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कोणाच्या नावावर नोंदलेले आहे, जाहिरात खाते कोणी उघडले आहे आणि फेसबुक पान व बिझनेस प्रोफाइल यांची मालकी कोणाच्या ईमेलवर आहे. ही चारही आपल्या नावावर असावीत आणि एजन्सीला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्यावा. असे नसेल तर भांडण होण्याआधी, संबंध गोड असतानाच ते बदलून घ्यावे, कारण खाते त्यांच्याकडे राहिले तर ८ महिन्यांच्या सर्च टर्म्सची माहितीही त्यांच्याकडेच राहते आणि आपल्याला पुन्हा पहिल्यापासून पैसे खर्चून तीच शिकवणी घ्यावी लागते. नवी एजन्सी गूगलवर पहिल्या क्रमांकाची हमी देत असेल तर तिथेच बोलणे थांबवावे. तशी हमी कोणीही देऊ शकत नाही हे गूगलनेच लिहून ठेवले आहे.

महिनाभराने वहीत क्लिक, चौकश्या आणि ठरलेली कामे हे ३ आकडे असतील. क्लिक योग्य शोधांवरून येत असूनही चौकश्या कमी असतील तर वेबसाइटचे पान बदलावे लागेल. सर्च टर्म्स अजूनही भरकटलेले असतील आणि एजन्सी लक्ष घालत नसेल तर ती बदलावी. एका चौकशीमागचा खर्च वरच्या हिशेबात बसत असेल तर बजेट खुशाल वाढवावे. आणि फोन येऊ लागले पण कामे ठरत नाहीत असे दिसले तर दोन दिवस स्वतः फोन घ्यावेत आणि ग्राहक नेमक्या कोणत्या वाक्यानंतर फोन ठेवतो ते लिहून काढावे.