दोघांनाही नेमलं की कुणी रुसणार नाही?

प्रश्न : माझं वय 74. बँकेतून निवृत्त, पत्नी हयात नाही. कोथरूडला फ्लॅट, मुळशीत एक एन.ए. प्लॉट आणि काही ठेवी आहेत. मुलगी कर्वेनगरला, मुलगा जर्मनीत. मृत्युपत्रात ‘फ्लॅट क्रमांक 7 विकून पैसे निम्मे-निम्मे द्यावेत’ असं लिहिलंय. एक्झिक्युटर (मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारी व्यक्ती) म्हणून दोघांची नावं घातली आहेत आणि ‘प्रत्येक काम दोघांच्या सहीनेच व्हावे’ अशी अट टाकली आहे, म्हणजे कुणी रुसणार नाही. माझे फिरायला येणारे एक समवयस्क मित्र म्हणतात, ‘मलाच नेम.’ काय करावं? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : काका, वाटणीबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. दोन सह्यांची अट मात्र काढा.

एकाहून जास्त एक्झिक्युटर असतील आणि मृत्युपत्रात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर त्यांच्यापैकी ज्यानं प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) घेतलंय तो एकटाही काम करू शकतो. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 नं दिलेली ही सोय तुम्ही आपणहून रद्द करताय. मग साध्या अर्जावरही जर्मनीहून सही हवी. मुलानं मुखत्यारपत्र पाठवायचं म्हटलं तर ते तिकडे वकिलातीत किंवा नोटरीपुढे करा, इकडे पोचल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरा. तोवर फ्लॅटचं गिऱ्हाईक थांबत नाही.

मुलीला नेमा, आणि ‘ती हयात नसल्यास, तिने नकार दिल्यास किंवा तिला काम करणे शक्य न झाल्यास मुलगा’ असं लिहा. तिला आधी विचारा मात्र. नेमलेल्या माणसाला नकार देता येतो. तिला वाटा मिळणार म्हणून ती एक्झिक्युटर होऊ शकत नाही, हा गैरसमज आहे. मुलाला दर तीन महिन्यांनी लेखी हिशेब द्यावा, असं एक वाक्य घाला. रुसवा तिथेच निम्मा होतो. मित्र चौऱ्याहत्तरीचे असतील तर त्यांना चहा पाजा, नेमू नका.

आता तुम्ही विचारलं नाहीत ते. कोथरूडमधल्या जुन्या सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला जाताहेत. तुमचीही गेली, तर ‘फ्लॅट क्रमांक 7’ उरणारच नाही आणि त्या कलमावरून वाद घालायला वकिलांना आयतं काम मिळेल. (आम्हाला नको असं नाही!) म्हणून लिहा : ‘सदर फ्लॅट, अथवा पुनर्विकासात त्याऐवजी मिळणारा फ्लॅट, वाढीव क्षेत्र, भाडे व कॉर्पसची रक्कम.’ (कॉर्पस म्हणजे बिल्डर सभासदाला देतो ती एकरकमी रक्कम.) बिल्डरबरोबरच्या करारावर, सोसायटीच्या कागदांवर आणि विक्रीखतावर सही करण्याचा अधिकार एक्झिक्युटरला नावानिशी द्या. विक्रीचा अधिकार कायद्यानं असतो, पण घेणाऱ्याला कर्ज देणारी बँक तो कागदात शोधते. किमान किंमत लिहू नका. पाच वर्षांनी तो आकडा हास्यास्पद ठरेल, नाहीतर विक्रीच अडवून धरेल. दोन नोंदणीकृत मूल्यांककांचे अहवाल घ्यावेत, एवढं पुरे.

खर्चाचंही एक कलम हवं. विक्री होईपर्यंतचा मेंटेनन्स, मिळकत कर, वकिलाची फी हे सगळं ठेवींमधून भागवावं, असं लिहा. नाहीतर मुलगी पदरचे घालेल आणि नंतर बिलं दाखवत बसेल. देणी कोणती आधी, हे कायद्यानं ठरवलेलंच आहे : अंत्यविधी व शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग प्रोबेटचा खर्च, त्यानंतर मृत्यूआधीच्या तीन महिन्यांतला घरकामवाल्यांचा थकलेला पगार, आणि मग बाकीची देणी. म्हणजे तुमच्या स्वयंपाकाच्या मावशी क्रेडिट कार्डाच्या आधी.

पुण्यातल्या मिळकतीसाठी हिंदू व्यक्तीच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं नाही. तरी एखादी बँक किंवा सोसायटी ते मागते, म्हणून प्रोबेट घ्यायचा अधिकारही लिहून ठेवा. नोंदणी ऐच्छिक आहे, मुद्रांक शुल्क लागत नाही. दुय्यम निबंधकाकडे जाताना दोन्ही साक्षीदार तुमच्यापेक्षा बरेच लहान निवडा. चहा प्यालेले मित्र तिथेही नकोत.