अडीच लाखांवर सही करण्यापूर्वी : जखमी यंत्रमाग कामगाराच्या अपघात भरपाईविषयी

आपण लिहिले आहे की आपले धाकटे बंधू, वय 34, अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत यंत्रमागावर काम करतात आणि महिन्याला सरासरी 15,000 रुपये कमावतात. साडेतीन महिन्यांपूर्वी विजयपूरहून दुचाकीने परतताना झळकीजवळ मालवाहू टेम्पोने अचानक वळण घेऊन त्यांना धडक दिली, उजव्या नडगीचे हाड मोडले, आत रॉड घालावा लागला आणि गुडघा अजून पूर्ण वाकत नाही. आता एक मध्यस्थ सांगतो आहे की सह्या केल्या तर विमा कंपनीकडून अडीच लाख रुपये लवकर मिळतील, आणि ते घ्यावेत का असे आपण विचारले आहे. सोलापूरच्या न्यायालयात अपघात दाव्यांची कागदपत्रे तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो : आत्ता सही करू नका.

हा अडीच लाखांचा आकडा मध्यस्थाने मनाने काढलेला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 मध्ये, 1 एप्रिल 2022 पासून लागू असलेल्या दुरुस्तीनुसार, चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे, आणि हाड मोडणे ही कायद्याच्या दृष्टीने गंभीर दुखापतच असते. मात्र मध्यस्थ जे सांगत नाही ते असे की ही रक्कम स्वीकारली की कलम 166 खालचा, म्हणजे समोरच्या चालकाची चूक दाखवून पूर्ण नुकसान मागण्याचा, दावा संपुष्टात येतो. समोरच्याची चूक सिद्ध होण्यासारखीच नसेल तर कलम 164 हा गरिबाला मोठा आधार आहे, यात शंका नाही. आपल्या प्रकरणात मात्र टेम्पोचालकावर गुन्हा नोंदवला गेला आहे आणि पंचनाम्यात वळणाचा उल्लेख असल्याचे आपणच लिहिले आहे, त्यामुळे हक्काचा मोठा भाग सोडून देण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

किती मोठा भाग, ते पाहू. न्यायाधिकरण, म्हणजे अपघाताचे दावे चालवणारे न्यायालय, जखमीचे उत्पन्न धरते, स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या किंवा ठरावीक पगारावर असलेल्या 40 वर्षांखालील व्यक्तीसाठी त्यात भविष्यातील वाढ म्हणून 40 टक्के मिळवते, आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणते. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा प्रकरणात 2009 साली निश्चित केलेल्या तक्त्यात 31 ते 35 वयासाठी हा गुणक 16 आहे. पंधरा हजारांवर 40 टक्के धरले की महिन्याचे 21,000, म्हणजे वर्षाचे 2,52,000 होतात. कमाईची क्षमता 30 टक्क्यांनी घटली असे मानले, तर वर्षाचे नुकसान 75,600 आणि सोळा पटीने 12,09,600 रुपये. मृत्यूच्या दाव्यात मृताच्या स्वतःच्या खर्चाची वजावट होते, तशी ती जखमीच्या दाव्यात होत नाही. शिवाय उपचारांच्या काळात बुडालेली मजुरी, वेदना, सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च, प्रवास, आहार आणि पुढे रॉड काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च हे सगळे वेगळे मागता येते. वैद्यकीय खर्चाचा काही भाग आरोग्य विम्यातून मिळाला असेल तरी तो या भरपाईतून वजा करायचा नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च 2025 मध्ये दिलेला आहे.

मात्र 30 टक्के हा आकडा कुठून येतो, यावर सगळा दावा उभा असतो, आणि बहुतेक कुटुंबे नेमकी इथेच कमी पडतात. अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी ही पुष्कळदा त्या एका पायापुरती असते. न्यायाधिकरणाला पाहायचे असते की त्या माणसाच्या त्या कामातली कमाई किती घटली. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार या 2010 च्या निकालात हे अगदी तपशिलाने समजावले आहे : एकच इजा कारकुनाची कमाई फारशी घटवणार नाही, पण हाताने किंवा पायाने राबणाऱ्याची कमाई पार बुडवू शकते. आपल्या बंधूंचे काम डोळ्यांसमोर आणा. पूर्ण पाळीभर उभे राहायचे, मागांच्या मधल्या अरुंद वाटेने सतत फिरायचे, धागा तुटला की वाकून जोडायचा, कांडी संपली की बदलायची, आणि खाली काही अडकले तर उकिडवे बसून सोडवायचे. ज्याचा गुडघा पूर्ण वाकत नाही आणि ज्याला तासाभराने पाय ठणकल्यामुळे बसावे लागते, तो माणूस पूर्वीइतके माग सांभाळू शकणार नाही, आणि उत्पादनावर मजुरी असेल तर आठवड्याच्या पगारात ते लगेच दिसेल. हे सर्व आपल्या बंधूंच्या साक्षीत, त्यांच्या स्वतःच्या शब्दांत आले पाहिजे. नुसता दाखला जोडून थांबलेले दावे मी कमी रकमेत निघालेले पाहिले आहेत, कारण विमा कंपनीच्या वकिलाने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला की हे अपंगत्व संपूर्ण शरीराचे आहे का, आणि उत्तर नाही असे आले. दाखला देणाऱ्या डॉक्टरांनाही साक्षीसाठी बोलवावेच लागेल, आणि त्यांना रुग्णाच्या कामाचे स्वरूप आधी नीट सांगून ठेवणे यात गैर काही नाही.

उत्पन्नाचा पुरावा ही दुसरी अवघड बाब. आपल्याकडे पुष्कळ कारखान्यांत मजुरी रोखीने मिळते आणि मालक कोर्टात येऊन पगाराचा आकडा सांगायला तयार नसतात. पुरावाच नसेल तर न्यायाधिकरण साधारणपणे किमान वेतनाच्या आसपास उत्पन्न धरते आणि वरचा सगळा हिशेब तिथेच खाली येतो. म्हणून भविष्य निर्वाह निधीचा उतारा, बँकेत जमा झालेला पगार, बोनसचा कागद, ओळखपत्र, हजेरीचे कार्ड, जे असेल ते गोळा करा. शेजारच्या मागावरचा सहकारी साक्षीला यायला तयार असेल तर त्याचाही उपयोग होतो.

आता मुदत. कलम 166 मध्ये अपघातापासून 6 महिन्यांच्या आत दावा दाखल करावा, असे 2022 पासून लागू झालेले बंधन आहे. आपले साडेतीन महिने गेले आहेत. उपचार संपू द्या, दाखला मिळू द्या, मग पाहू, असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. दावा आधी दाखल करता येतो, दाखला पुराव्याच्या वेळी देता येतो.

अपघात कर्नाटकाच्या हद्दीत झाला म्हणून तिकडे खेटे घालावे लागतील ही आपली भीती मात्र अनाठायी आहे. जिथे अर्जदार राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही दावा करता येतो, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात तो चालू शकतो. झळकी पोलिसांकडून फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनांची तपासणी आणि दोषारोपपत्र यांच्या प्रमाणित प्रती मात्र आणाव्या लागतील. त्या कन्नडमध्ये असतील तर अनुवाद करून जोडावे लागतील, आणि त्यातच महिना निघून जातो, म्हणून आत्ताच कोणाला तरी पाठवा. नव्या नियमांनुसार पोलिसांनीही अपघाताचा सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो विजयपूरला पाठवला आहे का, हे तिथेच विचारून घ्या आणि आपल्या वकिलांच्या कानावर घाला. टेम्पोचा विमा अपघाताच्या दिवशी चालू होता का, हे वाहन क्रमांकावरून एमपरिवहन ॲपवर पाहता येते.

एक कागद आवर्जून तपासा : ज्या दवाखान्यात त्यांना पहिल्यांदा नेले तिथला भरतीचा कागद. धावपळीत कोणीतरी ‘गाडीवरून पडले’ एवढेच सांगितलेले असते, तेच लिहिले जाते, आणि पुढे विमा कंपनी म्हणते की टेम्पोचा संबंधच नव्हता, तो नंतर गोवला. तसे लिहिलेले असेल तर खाडाखोड करून घेण्याच्या भानगडीत मुळीच पडू नका. त्यावेळी माहिती कोणी दिली आणि तो अपघात पाहणारा होता का, हे साक्षीत स्पष्ट करता येते.

वकिलांच्या शुल्काविषयी आपण संकोचाने विचारले आहे. मिळणाऱ्या रकमेवर टक्केवारी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही, त्यामुळे शुल्क रुपयांत ठरवा आणि पावती घ्या. तेही झेपणार नसेल तर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार या दोन्ही नात्यांनी आपले बंधू मोफत वकिलासाठी पात्र ठरू शकतात. लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव आला तर तो झिडकारू नका. वरचा हिशेब हाताशी ठेवून बोला, वर्षे वाचतात म्हणून थोडे कमी घेणे कधीकधी शहाणपणाचे ठरते. पण अडीच लाख आणि बारा लाख यांतले अंतर ‘थोडे’ नाही.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. धडक देणारे वाहन सापडलेच नाही तर गंभीर जखमीला 50,000 आणि मृत्यू झाल्यास वारसांना 2 लाख रुपये मिळतात, त्यासाठी अर्ज अपघात झाला त्या भागातील तहसीलदार किंवा प्रांत यांच्याकडे करावा लागतो. आणि मे 2025 पासूनच्या केंद्राच्या योजनेत अपघातानंतरच्या 7 दिवसांपर्यंत ठरवून दिलेल्या रुग्णालयांत दीड लाखापर्यंतचा उपचार रोख पैसे न भरता होतो, म्हणून जखमीला दाखल करतानाच त्याची विचारणा करा.

दाव्यासोबत बंधूंच्या स्वतःच्या बँक खात्याचा तपशील आणि पासबुकची प्रत जोडा. भरपाई थेट अर्जदाराच्या खात्यात जमा व्हावी असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये दिले आहेत, आणि त्यामुळे मधल्या कोणाच्याही हातात धनादेश देण्याची गरज उरत नाही. मध्यस्थाने आणलेल्या कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदांवर सही झाली असेल, तर ते आजच कळवा. त्याचा मार्ग वेगळा आहे आणि तो लगेच धरावा लागेल.