पानं भरपूर, स्ट्रॉबेरी मात्र वाकडी आणि आंबट

प्रश्न: नमस्कार दादा, ऑक्टोबरमध्ये वाईच्या नर्सरीतून स्ट्रॉबेरीची रोपं आणून सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत कुंड्यांमध्ये लावलीत. युरियाचं पाणी नियमित देते, पानं मस्त हिरवीगार, रनर्स (रोपातून फुटणाऱ्या लांब वेली) चहूकडे लोंबतायत, पण फळं अगदी मोजकी, तीही वाकडी आणि आंबट. महाबळेश्वरला हीच रोपं कशी लगडलेली असतात, मग फरक कशाने पडतो?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: ताई, युरिया आजच बंद करा. त्यातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की झाड सगळी ताकद पानं आणि रनर्समध्येच घालवतं, फुलं कमी येतात आणि जे फळ धरतं ते मऊ पडतं, बुरशीही लवकर लागते. रनर दिसला की कात्रीने बुंध्याशी कापायचा, फळांच्या सीझनमध्ये एकही ठेवू नका. फुलं सुरू झाली की पोटॅश जास्त असलेलं खत हलक्या हाताने द्या, तेवढं पुरे.

आता वाकड्या फळाचं. एक फळ हातात घेऊन नीट बघा, जिथे ते आखडलंय तिथल्या बिया बारीक आणि दाटीवाटीने बसलेल्या दिसतील, फुगलेल्या बाजूला मोठ्या आणि लांब लांब. प्रत्येक बी फळली की तिच्याभोवतीचा गर फुगतो, जिथे पराग पोचलाच नाही तिथे गर धरत नाही. सातव्या मजल्यावर मधमाश्या किती येणार? म्हणून फूल उमललं की दोन-तीन दिवस सकाळी रंगाचा मऊ ब्रश मधल्या पिवळ्या भागावरून गोल फिरवा. खर्च काही नाही, आणि एवढ्यानेच फळाचा आकार सुधारतो, हे मी अगदी खात्रीने सांगतो.

आंबट लागतात कारण बहुतेक लवकर तोडताय. स्ट्रॉबेरी तोडल्यावर लाल होईल पण गोड होत नाही, देठापर्यंत लाल होऊ द्या. शिवाय रोज सहा तास तरी ऊन हवंच.

महाबळेश्वरशी बरोबरी मात्र करू नका, ती जागा साधारण 1350 मीटरवर, कळ्या धरायला लहान दिवस आणि गार रात्री लागतात त्या तिथे आपसूक मिळतात, वर गादीवाफे (उंच केलेले वाफे), ठिबक आणि माती झाकणारा मल्चिंग पेपर, त्यामुळे फळ मातीला टेकतच नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतही रात्री तेवढ्या गार होत नाहीत, त्यामुळे पीक कमीच येणार. मुळं उथळ असतात म्हणून कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळा, दुपारी तापणार नाही. आणि रोपाचा गड्डा, म्हणजे जिथून पानं फुटतात तो भाग, मातीत गाडला गेला नाही ना ते बघा, गाडला तर कुजतो.

प्रश्न: हीच रोपं पुढच्या वर्षी चालतील का?
– एक वाचक, दादर

उत्तर: मुंबईच्या पावसात गड्डा सडतोच. महाबळेश्वरचे शेतकरीसुद्धा दरवर्षी नवीन रोपं लावतात, तुम्हीही पाऊस संपला की ताजी आणा.