भिंतीत खिळा ठोक

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवारी रात्री तू फोनवर जे विचारलेस, त्याचे उत्तर मी तेव्हा नीट दिले नाही, कारण मला राग आला होता आणि रागावलो की मी इंग्रजीत बोलू लागतो. म्हणून हे मराठीत आणि हाताने लिहीत आहे. तुझ्या आईने तुला वाचायला शिकवले आहे, तेव्हा सबब सांगू नकोस. इटलीच्या दुसऱ्या श्रेणीतला एक बास्केटबॉल क्लब तुला दहा महिन्यांचा करार, राहायला घर आणि वापरायला गाडी देतो आहे, आणि इकडे अमेरिकेत, एनबीए या सर्वोच्च लीगच्या खालोखालच्या जी लीगच्या एका संघाने नुसते सराव शिबिराला बोलावले आहे. यावर तुझा प्रश्न असा, की ‘काका, एक वर्ष तिकडे काढतो, पण तेवढ्यात एनबीएवाले मला विसरतील का?’

‘वर्ष काढतो.’ हे क्रियापद गेले तीन दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. माणसे तुरुंगात वर्षे काढतात, दुष्काळात दिवस काढतात. ज्या गावातले लोक तिकीट घेऊन तुझा खेळ पाहायला येणार आहेत, ज्यांच्या वर्गणीतून आणि ज्यांच्या दुकानदारांच्या पैशातून तुझे घरभाडे भरले जाणार आहे, त्या गावात जाऊन वर्ष ‘काढायचे’ असेल तर जाऊच नकोस. जायचे असेल तर त्या गावाचा होऊन जा. पहिल्याच आठवड्यात घराच्या भिंतीत खिळा ठोक आणि त्याला काहीतरी टांग.

एनबीएचे गणित तुला पाठ आहे: ३० संघ, प्रत्येकी १५ जागा आणि वर एनबीए व जी लीग दोन्हीकडे खेळवणारे तीन टू-वे करार, ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, दोन फेऱ्यांत जेमतेम ६० नावे. ते मी पुन्हा सांगत नाही. काइल हाइन्सची गोष्ट मात्र पुन्हा सांगतो, कारण तो आपल्याच न्यू जर्सीचा आहे आणि तू ती अजून नीट ऐकलेली नाहीस. रिंगखाली खेळणारा सेंटर साडेसहाच फुटांचा, तो एनबीएला नको होता, त्यामुळे २००८ साली त्याला कोणीही निवडले नाही. तो नेमका तुला बोलावणाऱ्या श्रेणीतच गेला, वेरोली नावाच्या छोट्या गावाच्या संघात, आणि तिथे दोन मोसम खेळला. पुढे जर्मनीतले बाम्बर्ग, मग ग्रीसचा ऑलिंपियाकोस, मग सीएसकेए मॉस्को, शेवटी मिलान. २०१२, २०१३, २०१६ आणि २०१९ अशी चार वेळा त्याने युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकली आणि २०२४ मध्ये तो निवृत्त झाला, एनबीएचा एकही सामना न खेळता. जो माणूस सतत अटलांटिकच्या पलीकडे नजर लावून बसला असता, त्याच्या हातून हे झाले असते असे तुला खरेच वाटते का?

तू मला पी. जे. टकरचे नाव ऐकवलेस, की तो परदेशात पाच वर्षे थांबला आणि परत आला. थांबला नव्हता! २००६ च्या ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत निवडला गेलेला आणि पहिल्याच मोसमात टोरांटोच्या एनबीए संघाने सोडून दिलेला हा मुलगा इस्राएल, युक्रेन, ग्रीस, इटली, जर्मनी असा फिरला. महाविद्यालयात रिंगखाली गुण मिळवणारा खेळाडू तिथे समोरच्या संघाच्या सर्वांत धोकादायक माणसाला अडवणारा झाला. बाम्बर्गसाठी जर्मनीचे विजेतेपद मिळवून २०१२ मध्ये तो फिनिक्सला आला आणि २०२१ मध्ये मिलवॉकीबरोबर एनबीए विजेता ठरला. त्याने तिथे वर्षे काढली नाहीत, कमावली.

आता खेळाविषयी, कारण तुझा खरा गैरसमज तिथेच आहे. तिकडची लीग म्हणजे इकडच्या खेळाची सोपी आवृत्ती असे तू धरून चालला आहेस. सामना ४८ ऐवजी ४० मिनिटांचा असतो आणि पाचव्या फाउलला तू बाहेर बसतोस. तीन गुणांची रेषा ७.२४ मीटरवरून ६.७५ वर येते, हे ऐकून तू खूश झालास. पण त्यामुळे बचाव करणारे पाचही जण आत सरकून उभे राहतात. त्यात एनबीएसारखा बचावाचा तीन सेकंदांचा नियम तिकडे नसल्यामुळे त्यांचा सर्वांत उंच माणूस रिंगखाली हवा तितका वेळ तळ ठोकून राहू शकतो. तुझी सगळी ताकद आत घुसण्यात आहे, आणि आत जागाच नसेल. चेंडू रिंगच्या कडेला लागला की तो वरच्या वर उडवून लावायलाही तिथे मुभा आहे, इकडे ती नाही. पहिल्या महिन्यात तू पंचांकडे हात पसरून बघत राहशील आणि तेवढ्यात समोरचा संघ धावत सुटलेला असेल. त्या जागेत पास कसा द्यायचा हे तुला तिथला पस्तिशीतला, गुडघ्याला पट्टी बांधून खेळणारा स्थानिक पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ चालवणारा माणूस, शिकवील, पण तू त्याच्याशी त्याच्या भाषेत चार वाक्ये बोलायला बसलास तरच.

मी बसलो नाही. १९९६ च्या शरद ऋतूत, तेविसाव्या वर्षी, मी जर्मनीतल्या खालच्या विभागातल्या एका क्लबात गेलो. आमचा कप्तान दिवसा सुतारकाम करायचा. पहिल्या आठवड्यात तो हातोडा घेऊन माझ्या दारात आला, की तुझ्या खोलीत फळी नाही, लावून देतो. मी त्याला सांगितले की गरज नाही, वसंतात मी जाणार आहे. त्यानंतर सहा महिने माझी पुस्तके आणि बूट जमिनीवर पडून होते. एकदा दाढ दुखली तेव्हा त्याच माणसाने काम सोडून मला चाळीस किलोमीटरवरच्या दंतवैद्याकडे नेले होते, आणि परतीच्या वाटेवर मी त्याच्या बायकोचे नावसुद्धा विचारले नाही.

जानेवारीचा पगार आला नाही, फेब्रुवारीचाही आला नाही. एजंट म्हणाला की पोर्तुगालमध्ये जागा आहे, आणि मी एका पहाटे निघून गेलो. दोन महिने पैसे न मिळालेल्या माणसाने जाणे यात काहीही गैर नाही. हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. स्थानिक मुलांना त्यांच्या नोकऱ्या होत्या, मला काय होते? तक्रार न्यायची तरी कुठे? ज्यांनी मला नंतर पळपुटा म्हटले, त्यांच्यापैकी एकानेही त्या थंडीत माझा फ्रिज उघडून पाहिला नव्हता. पण मी न सांगता गेलो. कप्तानालाही सांगितले नाही. पोर्तुगालच्या क्लबाने वैद्यकीय तपासणीत माझा गुडघा नापास केला, करार तिथेच संपला आणि तेविसाव्या वर्षी सुरू झालेली माझी कारकीर्द चोविसाव्या वर्षी आटोपली. जर्मनीतला तो संघ त्या मोसमात आणखी खालच्या विभागात घसरला. गुडघ्याचे दुःख कधीच ओसरले, फळीचे नाही.

तेव्हा गावाचा हो म्हणतो, म्हणजे भाबडा हो असे मी म्हणत नाही. माझ्या वेळी जे नव्हते ते आज आहे. फिबा या जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या आश्रयाने २००७ पासून बास्केटबॉलचे लवाद न्यायाधिकरण चालते. करारात त्याचे कलम असेल तर थकलेल्या पगारासाठी तिथे दाद मागता येते, आणि निवाडा न पाळणाऱ्या क्लबावर फिबा नव्या खेळाडूंच्या नोंदणीची बंदी घालू शकते. ते कलम नसलेल्या करारावर सही करायची नाही. रक्कम कर वजा जाता आहे का, एजंटचे पैसे कोण देणार, तपासणी उतरल्या उतरल्या होणार की दोन आठवडे खेळवून घेतल्यावर, हे सगळे लेखी हवे. कागद पक्का असला की मन मोकळे राहते. माझा कागद कच्चा होता, म्हणून प्रत्येक माणसाकडे मी संशयाने पाहिले.

तुला मोठी नावे लागतात, म्हणून सांगतो. माइक डी’अँटोनी हा अमेरिकन खेळाडू १९७७ मध्ये मिलानला गेला तो १९९० पर्यंत तिथेच खेळला, आणि १९८९ च्या युरोपियन स्पर्धेत तर इटलीच्या राष्ट्रीय संघातून उतरला. एनबीएत खेळून झालेला जो ब्रायंट १९८४ पासून सात वर्षे इटलीतल्या चार शहरांत बायकामुलांसह राहिला. त्याचा मुलगा, पुढे एनबीए गाजवणारा कोबी ब्रायंट, इटालियन बोलतच मोठा झाला. स्टेफन मार्बरी हा एनबीएच्या निवडक खेळाडूंचा ऑलस्टार सामना दोनदा खेळलेला माणूस, इकडे सगळ्यांशी बिनसल्यावर २०१० मध्ये चीनला गेला. बीजिंगला त्याने २०१२, २०१४ आणि २०१५ अशी तीन विजेतेपदे मिळवून दिली आणि त्या शहराने त्याचा पुतळा उभारला. तिघांचे स्वभाव वेगळे, कौशल्य वेगळे, पण तिघांपैकी एकही जण त्या देशात पाहुणा म्हणून राहिला नाही.

माझे वडील अमरावतीहून न्यू जर्सीला आले, तेव्हापासून दर दिवाळीला म्हणायचे की पुढच्या वर्षी परत जायचे आहे. भाड्याच्या घराच्या भिंतीत त्यांनी आईला खिळा ठोकू दिला नाही. आजोबांची तसबीर एकोणीस वर्षे कपाटात, साडीत गुंडाळून होती. ते परत गेले नाहीत, आणि इथलेही झाले नाहीत. मी जर्मनीत नेमके तेच केले आणि त्याला महत्त्वाकांक्षा म्हणालो. तू शनिवारी ‘काढतो’ म्हणालास तेव्हा मला त्यांचाच आवाज ऐकू आला. माझा राग तुझ्यावर नव्हता.

रविवारी जेवायला ये. कराराची छापील प्रत आण, मोबाइलवर दाखवू नकोस. लवादाचे आणि वैद्यकीय तपासणीचे कलम आपण पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचू. तुझ्या काकूने इटालियन शिकवणाऱ्या एका बाईंशी बोलून ठेवले आहे. पहिला तास मंगळवारी संध्याकाळी सहाला आहे.

तुझा,
काका